विमान स्वतःच्या पायावर उभे राहते, ती गोष्ट

शाळेत विमानाचा धडा राईट बंधूंपाशी सुरू होतो आणि बहुधा तिथेच संपतो. १७ डिसेंबर १९०३, किटी हॉक, बारा सेकंदांचे उड्डाण. फळ्यावर एवढे लिहून झाले की तासाची घंटा होते. त्यानंतर मुलांना ठाऊक असते ते एकदम जेट विमान. लाकूड, तारा आणि कापड यांच्या त्या सांगाड्यातून माणसांची ने-आण करणारे वाहन कसे घडले, याविषयी पाठ्यपुस्तके गप्प असतात. विद्यार्थी असताना आम्हीही अशीच समजूत करून घेतली होती की, एकदा विमान उडाले म्हणजे पुढचे सारे ओघाने आलेच.

तसे ते आले नाही. पहिल्या उड्डाणानंतर पंचवीस वर्षे उलटली, लिंडबर्गने एकट्याने अटलांटिक महासागर ओलांडला, तरी प्रवासी विमान चालवणे हा आतबट्ट्याचाच व्यवहार होता. तिकिटांच्या पैशांतून उड्डाणाचा खर्च भागत नसे. तो भागवणारे विमान १९३२ ते १९३६ या चार वर्षांत अमेरिकेत तयार झाले. ते कोणा एका संशोधकाच्या डोक्यातून निघालेले नाही, म्हणूनच त्याची गोष्ट शिक्षकांनी वर्गात सांगण्याजोगी आहे असे आम्हाला वाटते.

आधी त्या वेळचा हवाई प्रवास कसा होता ते पाहू. जुलै १९२९ मध्ये न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला जाण्याची एक नवी सोय सुरू झाली. प्रवासी रात्री न्यूयॉर्कहून आगगाडीने निघत, सकाळी ओहायो राज्यात विमानात बसत, संध्याकाळी ओक्लाहोमात उतरून पुन्हा रात्रभर आगगाडीने जात आणि दुसऱ्या दिवशी परत विमान पकडत. एकूण ४८ तास. प्रवाशांना घेऊन अंधारात त्या डोंगराळ मुलखावरून उडण्यास कंपनी धजत नव्हती. विमान होते फोर्ड कंपनीचे ‘ट्रायमोटर’. त्याला तीन इंजिने आणि पन्हाळी पत्र्याचे अंग. पत्र्याला पन्हाळ्या पाडल्या की ताठपणा येतो, हे आपण घरांच्या छपरांवर पाहतोच; परंतु त्याच पन्हाळ्या हवेला अडवतात. वेग ताशी १७० किलोमीटरच्या आसपास. नाकावरचे इंजिन प्रवाशांच्या पुढ्यातच धडधडत असल्यामुळे कानात घालायला कापूस देत. मळमळ तर नित्याचीच. मे १९३० मध्ये एलन चर्च ही परिचारिका जगातील पहिली हवाई सेविका म्हणून कामावर रुजू झाली. या कामासाठी परिचारिकाच घ्याव्यात ही कल्पनाही तिचीच होती. विमानात परिचारिका असली की प्रवाशांना धीर येतो, असे तिचे म्हणणे. त्यावरून त्या प्रवासाचे स्वरूप ध्यानात यावे.

मग कंपन्या जगत कशावर होत्या? टपालावर. आडमार्गावरच्या एखाद्या एस.टी.त पाच-सहाच उतारू असावेत आणि गाडीचा खर्च टपालाच्या थैल्यांनी भरून निघावा, तसा तो प्रकार होता. सुरुवातीला सरकार टपालाच्या वजनावर पैसे देई. तेव्हा काही कंपन्यांनी स्वतःच जड पार्सले टपालात टाकून ती वाहून नेल्याचे किस्से सांगितले जातात. १९३० च्या कायद्याने वजनाऐवजी टपालासाठी राखून ठेवलेल्या जागेवर पैसे देण्यास सुरुवात झाली. त्यामुळे मोठी विमाने घेणे कंपन्यांना फायद्याचे झाले. उरलेल्या जागेत प्रवासी बसवता येत, हा त्यामागचा हेतूच होता. आपल्याकडेही विमान वाहतुकीचा श्रीगणेशा टपालानेच झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला पस मॉथ विमान घेऊन आले, तेव्हा विमानात प्रवासी नव्हते, टपाल होते.

आता मूळ कथेकडे वळू. तिची सुरुवात एका अपघाताने होते. ३१ मार्च १९३१ रोजी कॅन्सस राज्यात ट्रान्सकॉन्टिनेंटल अँड वेस्टर्न एअर, म्हणजे टीडब्ल्यूए या कंपनीचे फॉकर विमान कोसळले आणि आतील आठही जण ठार झाले. त्यांत नूट रॉकनी होता. नोत्र दाम विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा हा प्रशिक्षक तिथे घराघरात ठाऊक होता. आपल्याकडे एखादा नामवंत क्रिकेटपटू असा गेला तर जो हलकल्लोळ होईल, तसाच तिथे झाला. या फॉकरचा पंख लाकडी होता, पातळ फळ्या सरसाने चिकटवून केलेला. हवेतला एक पंख मोडून अलग झाला होता. आत ओल शिरून सांधे कमकुवत झाले असावेत, असा संशय घेण्यात आला. बाहेरून गुळगुळीत दिसणाऱ्या पंखाच्या आत काय चालले आहे हे पाहायचे, तर पंख उघडावा लागे. सरकारने अशा विमानांवर काही काळ बंदी घातली आणि पुढे तपासणीच्या कडक अटी लादल्या. लाकडी पंखाच्या विमानावरून लोकांचा विश्वास उडाला तो उडालाच.

टीडब्ल्यूएला धातूची नवी विमाने हवी होती. बोइंग कंपनीत तशी विमाने आकार घेतही होती. ‘बोइंग २४७’ हे ते विमान. ते ८ फेब्रुवारी १९३३ रोजी प्रथम उडाले. संपूर्ण धातूचे, दोन इंजिनांचे, चाके आत ओढून घेणारे, दहा प्रवाशांचे. पण बोइंग आणि युनायटेड ही विमानसेवा त्या वेळी एकाच उद्योगसमूहात होत्या. पहिली साठ विमाने युनायटेडसाठी राखून ठेवलेली होती. ती पुरी होईपर्यंत इतरांनी थांबायचे.

टीडब्ल्यूएचे जॅक फ्राय थांबले नाहीत. २ ऑगस्ट १९३२ रोजी त्यांनी काही विमान कारखान्यांना एक छोटेसे पत्र धाडले आणि सोबत आपल्याला कसे विमान हवे त्याच्या अटी जोडल्या. तीन इंजिने, धातूचे अंग, किमान बारा प्रवासी, सुमारे १७०० किलोमीटरचा पल्ला. यातली सर्वांत जाचक अट अशी की, कंपनीच्या कोणत्याही विमानतळावरून, पूर्ण भार असताना, एक इंजिन बंद पडले तरी विमानाला उड्डाण पुरे करता आले पाहिजे. टीडब्ल्यूएचे काही तळ समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटर उंचीवर होते. तिथली हवा विरळ. विरळ हवेत पंखांना मिळणारी उचल कमी, इंजिनाची ताकद कमी आणि पंख्याची ओढही कमी. कंपनीचे तांत्रिक सल्लागार म्हणून लिंडबर्ग या अटीविषयी अडून बसले होते.

कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका येथे डोनाल्ड डग्लस यांचा कारखाना होता. त्यांनी आजवर प्रवासी वाहतुकीसाठी मोठे विमान केलेले नव्हते. त्यांच्या अभियंत्यांनी सुचवले की तीन नव्हे, दोनच इंजिने पुरतील. म्हणजे एक बंद पडले तर निम्मी शक्ती गेली! आर्थर रेमंड हा अभियंता वाटाघाटींसाठी न्यूयॉर्कला गेला होता. स्लाइडरूलवर हिशेब करून त्याने डग्लसना कळवले ते अशा अर्थाचे : उत्तर नव्वद टक्के होकारार्थी येते, पण उरलेले दहा टक्के मला झोपू देत नाहीत. शंभर टक्के खात्री होईपर्यंत थांबले असते, तर कदाचित हे विमान झालेच नसते.

दोन इंजिनांवर भिस्त ठेवण्याचे धाडस त्यांनी कशाच्या बळावर केले? इथे थोडे भौतिकशास्त्र पाहिले पाहिजे. एस.टी.च्या खिडकीवर ‘हात बाहेर काढू नये’ अशी सूचना असते, पण लहानपणी तो प्रयोग न केलेला माणूस विरळा. तळवा वाऱ्याला उभा धरला तर हात मागे ढकलला जातो, आडवा केला तर जोर एकदम कमी होतो. हा हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. वेग दुप्पट करायचा तर आठपट अश्वशक्ती हवी. नुसती मोठी इंजिने बसवून हा प्रश्न सुटणार नाही, हे उघड आहे. १९२९ मध्ये केंब्रिजचे प्राध्यापक मेलविल जोन्स यांनी एक निबंध वाचला. विमानाभोवती हवा कुठेही न भोवंडता सरकली तर किती शक्ती लागेल, हे त्यांनी हिशेबाने काढले आणि त्या वेळच्या विमानांच्या आकड्यांशी ताडून पाहिले. तफावत प्रचंड होती. इंजिनाच्या शक्तीचा फार मोठा भाग हवा घुसळण्यात वाया जात होता. पंखांना ताणून धरणाऱ्या साध्या गोल तारांचेच पाहा. एका बारीक तारेचा विरोध तिच्या दहापट जाडीच्या, पण माशासारख्या निमुळत्या आकाराच्या दांडीएवढा असू शकतो.

ही हवेची घुसळण थांबवण्याचे उपाय एकेक करून निरनिराळ्या ठिकाणी सापडत होते. त्यांपैकी इंजिनावरच्या आवरणाची हकीकत आम्हाला विशेष आवडते. त्या काळच्या इंजिनांची सिलिंडरे चाकाच्या आऱ्यांसारखी गोलाकार मांडलेली असत आणि वाऱ्यानेच थंड होत. साहजिकच ती उघडी ठेवायची, झाकली तर तापतील, असे सर्वांना वाटे. व्हर्जिनियातील लँग्ले येथील सरकारी प्रयोगशाळेत फ्रेड वाइक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९२८ च्या सुमारास हे तपासून पाहिले. त्यांच्याकडे इतके मोठे वातविवर होते की, खरेखुरे इंजिन पंख्यासकट आत ठेवून त्यावर वाऱ्याचा झोत सोडता येई. इंजिनाभोवती योग्य आकाराचे कडे बसवून, आत शिरणारी हवा पत्र्याच्या पडद्यांनी सिलिंडरांना घासून जाईल असे केले, तर इंजिन पुरेसे थंडही राहते आणि विरोध निम्म्याहून कमी होतो, असे आढळले. एका लष्करी विमानावर हे कडे चढवले, तेव्हा त्याचा वेग ताशी १९० किलोमीटरवरून २२० वर गेला. इंजिन तेच होते. असा निकाल कोणी तर्काने सांगितला असता, तर त्याला वेड्यात काढले असते.

बाकीच्या गोष्टींचा धावता उल्लेख पुरे. पंखांच्या तारा आणि टेकू काढून टाकायचे, तर पंख भिंतीतून बाहेर आलेल्या सज्जासारखा एका टोकावरच तोलला गेला पाहिजे. जॅक नॉर्थरॉप यांनी त्यासाठी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, कप्प्याकप्प्यांचा पंख रचला. त्यात पत्र्याची कातडीच भार उचलते, जसा पोकळ बांबूचा जोर त्याच्या भिंतीत असतो. वेगासाठी पंख आटोपशीर ठेवला की उतरतानाचा वेगही वाढतो. त्यावर पंखाखाली उघडणाऱ्या फ्लॅप नावाच्या झडपांचा इलाज सापडला. फ्रँक काल्डवेल यांनी पात्यांचा कोन बदलता येणारा पंखा सिद्ध केला. सायकलच्या किंवा मोटारीच्या गिअरशी त्याची तुलना करता येईल. उड्डाणाच्या वेळी पहिला गिअर, वर गेल्यावर वरचा. बोइंग २४७ आधी या पंख्यावाचून आणि फ्लॅपवाचून सेवेत आले. उंचावरच्या तळांवरून ते कुरकुरत उडे. पंखे नंतर बदलावे लागले. त्याच्या पंखाची तुळई प्रवाशांच्या खोलीतून आडवी जात असे, ती ओलांडून मागे-पुढे जावे लागे. अगदी पहिले असण्याचे तोटे असे असतात.

डग्लसने आपल्या विमानाला ‘डीसी-१’ असे नाव दिले. त्याच्या लाकडी प्रतिकृतीच्या चाचण्या जवळच पॅसाडेना येथे, थिओडोर फॉन कारमन यांच्या प्रयोगशाळेतल्या वातविवरात झाल्या. त्यांत विमान अस्थिर असल्याचे दिसून आले. मग बाहेरचे पंख किंचित मागे झुकवण्यात आले. या घराण्यातल्या विमानांच्या पंखांचा तो डौल अनेकांना कलाकारी वाटतो. तो दुरुस्तीतून आलेला आहे. पंख आणि धड जिथे जुळतात तिथे हवेचे भोवरे होऊन शेपटी थरथरते, हेही याच काळातल्या प्रयोगांत कळले होते. तिथला कोपरा पत्र्याने गोलसर भरून काढण्यात आला.

१ जुलै १९३३ रोजी डीसी-१ पहिल्यांदा उडाले आणि मिनिटभरात सारे संपते की काय असे झाले. विमान वर चढू लागले की इंजिने गुदमरत, नाक खाली केले की पुन्हा सुरू होत. वैमानिक कार्ल कव्हर यांनी पायऱ्या चढाव्यात तसे थोडे वर, थोडे सपाट असे करत ते कसेबसे पुरेशा उंचीवर नेले आणि सुखरूप उतरवले. कारण शोधायला काही दिवस गेले. कार्ब्युरेटरमधील तरंगत्या गोळ्यांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला होत्या; नाक वर झाले की गोळे इंधनाची वाट बंद करत. कार्ब्युरेटर उलट दिशेने फिरवून बसवले आणि रोग बरा झाला. लक्षावधी डॉलरचे यंत्र एका बिजागरीने जमीनदोस्त झाले असते.

उरली होती ती जाचक अट. ४ सप्टेंबर १९३३ रोजी ॲरिझोनातील विन्स्लो येथे तिची परीक्षा झाली. तळाची उंची सुमारे १५०० मीटर. भार पुरा भरला होता. चाके जमिनीवरून सुटतात न सुटतात तोच एक इंजिन बंद करण्यात आले. विमान खाली बसले, क्षणभर रेंगाळले आणि मग हळूहळू चढू लागले. ते तसेच एका इंजिनावर डोंगर ओलांडून सुमारे ३७० किलोमीटर दूर आल्बुकर्कला पोचले, तेही आधी निघालेल्या तीन इंजिनांच्या फोर्डला मागे टाकून! रेमंडला त्या रात्री झोप लागली असावी.

डीसी-१ एकच बनले. त्याच्या घडणीवर तीन लाख डॉलरहून अधिक खर्च झाला आणि टीडब्ल्यूएने त्याचे सव्वा लाख दिले. ही तूट भरून काढायची, तर पुढची विमाने भराभर विकली जायला हवी होती. चौदा प्रवाशांचे ‘डीसी-२’ मे १९३४ मध्ये आले आणि ते विकले गेले. त्याच वर्षी एक वेगळाच धक्का बसला होता. कंत्राटांच्या वाटपात घोळ झाल्याच्या आरोपावरून फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सगळी हवाई टपालाची कंत्राटे रद्द केली आणि टपाल लष्कराकडे सोपवले. कडाक्याच्या हिवाळ्यात, अपुऱ्या साधनांनिशी उडणाऱ्या लष्करी वैमानिकांपैकी दहाहून अधिक जण काही आठवड्यांत मरण पावले. पुढे टपाल खाजगी कंपन्यांकडे परत आले, पण कमी दराने. शिवाय विमाने बनवणारा आणि ती चालवणारा यांनी वेगळे झाले पाहिजे, असा कायदा झाला. टपालाच्या आधाराने चालणाऱ्यांना आता स्वतः चालायला शिकणे भाग होते.

नव्या विमानाची जगाला ओळख झाली ती ऑक्टोबर १९३४ मधल्या लंडन ते मेलबर्न शर्यतीत. अलाहाबाद हा तिच्यातला एक सक्तीचा थांबा होता. शर्यत जिंकली ती खास शर्यतीसाठी बांधलेल्या इंग्रजी विमानाने, सुमारे ७१ तासांत. दुसरा क्रमांक मात्र केएलएम या डच कंपनीच्या ‘उइव्हर’ नावाच्या डीसी-२ चा आला, तीन प्रवासी आणि टपाल घेऊन, ९० तासांत. तिसरे बोइंग २४७. वादळात वाट चुकलेल्या उइव्हरसाठी ऑस्ट्रेलियातल्या ऑल्बरी गावाने घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर मोटारींचे दिवे लावून धावपट्टी दाखवली आणि सकाळी चिखलात रुतलेले विमान दोर लावून ओढून काढले. त्याच वर्षी इंग्लंडची इम्पीरिअल एअरवेज कैरो-कराची मार्गावर ताशी १६० किलोमीटरने जाणारी दुपंखी विमाने चालवत होती. पण हर्षाचा हा अध्याय लगेच मिटवावासा वाटत असला, तरी पुढचे सांगितले पाहिजे. डिसेंबर १९३४ मध्ये हेच उइव्हर पूर्वेकडे येताना इराकच्या वाळवंटात कोसळले आणि आतील सातही जण गेले. पंख मजबूत झाले होते. हवामान पूर्वीइतकेच बेभरवशाचे होते.

आता शेवटची पायरी, आणि ती काहीशी अपघातानेच चढली गेली. अमेरिकन एअरलाइन्सचे सी. आर. स्मिथ यांना रात्रीच्या प्रवासासाठी झोपण्याच्या बर्थची विमाने हवी होती. त्यांनी डग्लसना ट्रंककॉल केला आणि तो दोन तास चालला. डग्लस नाराजीनेच तयार झाले. बर्थ बसावेत म्हणून डीसी-२ चे धड रुंद करण्यात आले आणि पंख वाढवण्यात आले. हे विमान १७ डिसेंबर १९३५ रोजी, म्हणजे राईट बंधूंच्या उड्डाणाच्या बरोबर ३२ व्या वाढदिवशी प्रथम उडाले. बर्थ होते चौदा. पण बर्थ काढून खुर्च्या मांडल्या तेव्हा असे दिसले की, त्या रुंद धडात एका ओळीत दोनऐवजी तीन खुर्च्या मावतात. सात ओळी, चौदाचे एकवीस! हेच ‘डीसी-३’.

वर्गात हा हिशेब जरूर करून घ्यावा. समजा, चौदा आसनांच्या विमानाच्या एका फेरीचा खर्च १४०० रुपये आहे. विमान पूर्ण भरले तर माणशी १०० रुपये पडतात. एकवीस आसनांच्या विमानाचा खर्च दहा टक्क्यांनी वाढून १५४० झाला असे धरू. तर माणशी सुमारे ७३ रुपये. आता दुसरा प्रश्न : तिकीट १०० रुपयेच ठेवले, तर खर्च भागायला किती प्रवासी हवेत? पहिल्या विमानात सगळेच्या सगळे चौदा, दुसऱ्यात सोळा. पाच खुर्च्या रिकाम्या राहिल्या तरी कंपनी तरते. रुपये आम्ही सोयीसाठी घेतले आहेत, पण डीसी-३ ने केले ते हेच. नुसती माणसे वाहून पैसे मिळवून देणारे हे पहिले विमान, असे स्मिथ पुढे सांगत असत. जून १९३६ मध्ये ते सेवेत आले. मधे तीन-चार थांबे घेत अमेरिकेचा आडवा प्रवास आता पंधरा ते अठरा तासांत होऊ लागला. सात वर्षांपूर्वीचे ४८ तास आठवावेत. अर्थात ज्यांना तिकीट परवडत होते त्यांनाच. सामान्य अमेरिकन माणूस अजून कित्येक वर्षे आगगाडीने आणि बसनेच जाणार होता.

दुसऱ्या महायुद्धात याच विमानाची लष्करी आवृत्ती हजारोंनी निघाली. अमेरिकेत बनलेल्या सर्व प्रकारांची संख्या दहा हजारांवर जाते. ब्रिटिशांनी तिला ‘डाकोटा’ म्हटले आणि आपल्याकडे हेच नाव रूढ झाले. युद्ध संपल्यावर जादा झालेली डाकोटा विमाने भारतात स्वस्तात विकली गेली. टाटांच्या कंपनीनेही ती घेतली आणि तिच्या पाठोपाठ बऱ्याच लहानमोठ्या विमान कंपन्या उभ्या राहिल्या. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटचे जवान श्रीनगरला उतरले ते डाकोटांतूनच. ऑगस्ट १९५३ मध्ये कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन इंडियन एअरलाइन्स निघाली, तेव्हा तिच्या वाट्याला सत्तरहून अधिक डाकोटा आल्या.

आणि टपाल? ते भारतात या विमानाच्या पोटात पुन्हा येऊन बसले. १९४९ मध्ये आपल्याकडे रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. नागपूर हे देशाच्या साधारण मध्यावर, म्हणून ते ठिकाण निवडले गेले. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रोज रात्री एकेक विमान निघे. मध्यरात्रीनंतर चारही विमाने सोनेगावच्या तळावर जमत, थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या शहरी परतत. त्यांत थैल्यांबरोबर प्रवासीही असत. मुंबईहून मद्रासला निघालेला माणूस ऐन रात्री सोनेगावला उतरे, आणि चारी दिशांचे टपाल लावून होईपर्यंत तिथेच डुलक्या काढत बसे.